मत कोणाचे, तिजोरी कोणाची? शिरूर-दौंडच्या पट्ट्यातील चर्चच्या कारभाराचा इतिहास

१/ पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. नगर रस्त्यावर घोडनदीच्या काठी शिरूर, तर सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आणि दौंड. शिरूरचे नाव इतिहासप्रेमींना ठाऊक असते ते तेथील छावणीमुळे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. दौंडचे नाव रेल्वेमुळे सर्वतोमुखी झाले. याच पट्ट्यात पुढे एक वेगळा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. चर्चचा कारभार कोणी पाहायचा? बिशपने, पाळकाने, की बाकावर बसून उपासना करणाऱ्या साध्या सभासदाने? हा धागा त्या वादाविषयी.

२/ प्रथम दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. ज्यांना विधिपूर्वक दीक्षा मिळालेली असते ते पाळक किंवा धर्मगुरू. ज्यांना अशी दीक्षा नसते, जे शेती, नोकरी, घरसंसार करून चर्चचे सभासद असतात, ते प्रापंचिक. बिशप हा एका धर्मप्रांताचा प्रमुख. या धर्मप्रांताला डायोसिस म्हणतात. बाप्तिस्मा कोणी द्यायचा, प्रवचन कोणी करायचे, याविषयी बहुतेक चर्चमध्ये नियम ठरलेले असतात. खरा पेच पडतो तो पुढच्या प्रश्नांवर. पाळक कोणाला नेमायचे? त्याचा पगार किती? शाळेची इमारत कोणाच्या नावावर? चुकलेल्या सभासदाला शासन कोणी करायचे? कारभार म्हणतात तो हाच.

३/ या प्रश्नांची तीन ठळक उत्तरे युरोपात तयार झाली होती. अँग्लिकन परंपरेत अधिकार बिशपकडून खाली उतरतो. प्रेसबिटेरियन परंपरेत तो पाळक आणि निवडलेले वडीलजन यांच्या मंडळाकडे असतो. काँग्रिगेशनल परंपरेत एका गावची मंडळी स्वतःच पूर्ण चर्च असते. सभासद एकत्र बसून मत देतात आणि पाळकही तेच निवडतात. एकोणिसाव्या शतकात पुणे-नगरच्या परिसरात ही तिन्ही उत्तरे येऊन पोहोचली. शिरूरला काँग्रिगेशनल, दौंडसारख्या रेल्वेच्या ठाण्यांवर अँग्लिकन, पुणे शहरात स्कॉटिश प्रेसबिटेरियन. केडगावला मात्र या तिन्हींत न बसणारे चौथे उत्तर उभे राहिले. ते एका मराठी स्त्रीचे होते.

४/ आधी बिशपची बाजू पाहू. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत १८३७ मध्ये स्थापन झाला आणि टॉमस कार हे पहिले बिशप झाले. त्यांची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेने केली होती. सैन्याच्या छावण्यांत आणि मोठ्या ठाण्यांवर काम करणाऱ्या चॅप्लेन मंडळींचा पगार हिंदुस्थान सरकारच्या धर्मखात्यातून, म्हणजे अखेरीस येथल्या रयतेने भरलेल्या महसुलातून होत असे. रेल्वेच्या वसाहतींत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरवर्गासाठी याच चर्चची उपासना चाले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे महत्त्वाचे जंक्शन बनले. अशा ठिकाणच्या उपासकाला आपला बिशप निवडण्यात काडीचाही वाटा नव्हता. बिशप लंडनहून ठरत असे.

५/ पण बिशप म्हटला की प्रापंचिकांना मत नाही, असे समीकरण मुळीच नाही. अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथल्या अँग्लिकनांपुढे पेच उभा राहिला. बिशप होण्यासाठी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि तोच राजा आता परका झाला होता. सॅम्युएल सीबरी यांना म्हणून १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे दीक्षा घ्यावी लागली. पुढे १७८९ मध्ये तिथल्या एपिस्कोपल चर्चने आपली घटना केली. तिच्यात बिशपांचे सभागृह होते आणि त्याशेजारी पाळक व प्रापंचिक प्रतिनिधींचे सभागृहही होते. बिशपपद टिकले, पण ते सभेच्या चौकटीत आले. राजा गेल्यावर चर्चलाही लोकशाही शिकावी लागली. हिंदुस्थानात हे घडायला आणखी जवळजवळ दीड शतक जायचे होते.

६/ आता शिरूरकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे उघडले आणि १८४० च्या दशकाच्या आरंभी ओझ्रो फ्रेंच यांच्यामार्फत शिरूरला. पुढे लेम्युएल बिसेल यांनी तेथे काम केले. हे मिशन काँग्रिगेशनल विचाराचे. न्यू इंग्लंडच्या गावांतली पद्धत त्यांनी बरोबर आणली : सभासदांनी एक करारपत्र मान्य करायचे, नव्या उमेदवाराची परीक्षा सभासदांसमोर व्हायची, मंडळीचे डीकन सभासदांनी निवडायचे आणि पाळकाला बोलावणेही मंडळीनेच द्यायचे. कागदावर तरी हे ग्रामस्वराज्यच होते.

७/ कागदावरचे प्रत्यक्षात यायला मात्र वेळ लागला. नगरला मंडळी स्थापन झाल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ पाळकाची जागा मिशनरीच चालवीत होते. १८५४ मध्ये बोस्टनहून मिशनच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचे सूत्र तीन पायांवर उभे होते : स्थानिक चर्चने आपला कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च स्वतः भागवावा आणि आपला प्रसार स्वतः करावा. परकीय मिशनरीने पाया घालून पुढे निघून जावे. त्याच वर्षी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशनच्या या क्षेत्रातील मंडळ्यांना आपले मराठी पाळक मिळू लागले ते येथून.

८/ या घटनेतला सामाजिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. हे दोघेही पाळक जन्माने ब्राह्मण होते. पुढच्या काळात नगर-शिरूरकडच्या गावोगावच्या मंडळ्यांत बहुसंख्य सभासद मात्र महार आणि मांग समाजातून आले. गावच्या पांढरीत ज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती, ते चर्चच्या सभेत बसून ठरावावर हात वर करू लागले. नव्या सभासदाला घ्यायचे की नाही, डीकन कोण, यावर त्यांचे मत मोजले जाऊ लागले. ब्रिटिश हिंदुस्थानात विधिमंडळांसाठी झालेल्या निवडणुकांत मताधिकार मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. सर्व प्रौढांना मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या निवडणुकीत. त्याच्या कितीतरी आधी या भागातल्या भूमिहीन माणसाने सभेत मत देण्याचा अनुभव घेतला होता.

९/ तरीही या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. सभासदांमध्ये जात लगेच विरघळली नाही. महार आणि मांग कुटुंबांतील जुनी अढी मंडळीतही डोके वर काढी. दुसरी अडचण त्याहून खोल होती. मंडळीकडे मत होते, पण पैसा मिशनकडे होता. शाळामास्तर, बायबल स्त्रिया, प्रचारक आणि बहुतेक पाळक यांच्या वेतनात मिशनच्या अनुदानाचा मोठा भाग असे. ते अनुदान ठरत असे मिशनच्या बैठकीत आणि त्या बैठकीत बसत ते मिशनरी. म्हणजे सभेत ज्याने हात वर करायचा, त्याची चूल ज्याच्या सहीवर पेटायची तो माणूस दुसऱ्याच सभेत बसलेला असे.

१०/ शिरूरला ही गुंतागुंत विशेष स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड विन्सर आणि मेरी विन्सर या दांपत्याने तेथे दीर्घकाळ काम केले. विन्सर यांनी औद्योगिक शाळा चालवली आणि घायपाताचा वाख काढण्याचा उद्योग वाढवला. कोरडवाहू, अवर्षणप्रवण तालुक्यात बांधावर उगवणाऱ्या घायपातापासून रोजगार मिळतो, हे त्या काळात मोलाचे होते. दुष्काळात अशा कामाने माणसे जगतात. पण त्यातून मिशनरीच्या भूमिका वाढत गेल्या. तोच धर्मोपदेशक, तोच शाळेचा चालक, तोच रोजगार देणारा आणि दुष्काळात तोच मदत वाटणारा. अशा माणसाविरुद्ध सभेत मत द्यायचे, तर सभासदाला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करता येते.

११/ स्वयंशासित मंडळ्या एकमेकींशी जोडायच्या कशा, हाही प्रश्न होता. मिशनच्या क्षेत्रातील मंडळ्यांच्या संघटनेला ‘ऐक्य’ असे अस्सल मराठी नाव मिळाले. पाळक आणि मंडळ्यांचे निवडलेले प्रतिनिधी त्यात एकत्र येत. ऐक्याचा सल्ला वजनदार असे, पण गावच्या मंडळीवर हुकूम चालवण्याचा अधिकार काँग्रिगेशनल तत्त्वानुसार त्याला नव्हता. याच काळात, १८७० च्या दशकात, अँग्लिकन परंपरेची एस. पी. जी. ही संस्था नगर जिल्ह्यात कामाला लागली. तिचे आणि अमेरिकन मिशनचे खटके उडाले. कारण उघड होते : त्याच गावांत, त्याच समाजात दोन चर्च उभी राहू लागली. एकाच वाड्यातल्या दोन भावांपैकी एकाच्या चर्चला बिशप, तर दुसऱ्याच्या चर्चला सभासदांची सभा.

१२/ आता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात येऊ. न्हावरा-चौफुला रस्त्याने पुढे गेले की केडगाव लागते. येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई यांचा चर्चच्या अधिकाराशी झालेला संघर्ष केडगावच्या आधीच, इंग्लंडमध्ये सुरू झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी तिथे मुलग्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा लाहोरचे बिशप फ्रेंच आणि मुंबईचे बिशप माइल्न यांनी विरोध नोंदवला. हिंदुस्थानात त्यांच्याविषयी गैरसमज होईल, हे त्यामागचे कारण.

१३/ रमाबाईंना हे मानवले नाही. शास्त्रार्थात मुरलेल्या, कोलकात्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या विदुषीने कोणाला शिकवावे, हे दूरच्या बिशपांनी ठरवावे का? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद तपशिलाने सापडतो. जेराल्डीन यांचा आग्रह होता की चर्चच्या अधिकारापुढे नम्र व्हावे. रमाबाईंचे म्हणणे असे की पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतल्यावर तसलेच दुसरे जोखड त्या पत्करणार नाहीत; धर्मग्रंथ आपण स्वतः वाचू आणि सदसद्विवेकाला स्मरून निर्णय घेऊ. गळ्यातल्या क्रुसावरील मजकूर लॅटिन का, संस्कृत का नको, इथपर्यंत हा वाद गेला. बाप्तिस्मा त्यांनी स्वीकारला होता, बिशपचे पालकत्व नव्हे.

१४/ समित्यांचा अनुभवही त्यांना लवकरच आला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीची हमी दिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्मप्रसार करायचा नाही, अशी अट होती आणि देशी सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या मुद्द्यावर १८९३ मध्ये वादळ उठले आणि सल्लागारांनी राजीनामे दिले. दोषारोपाची चर्चा आजही होते. कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच : ज्या संस्थेचा पैसा दुसऱ्याच्या अटीवर येतो, तिथे चालकाचा शब्द अखेरचा नसतो, हे रमाबाईंनी जवळून पाहिले.

१५/ १८९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी केडगावला जमीन घेतली. तेव्हा ती शेतीसाठी, सदनाला कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली-स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग पसरला आणि या सर्वांना केडगावच्या माळावर आसरा मिळाला. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळानंतर येथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शाळा आणि एक प्रशस्त चर्च. या साऱ्याचा कारभार एका विधवा स्त्रीच्या हाती होता. तिला कोणत्याही चर्चची दीक्षा नव्हती. चर्चच्या परिभाषेत ती प्रापंचिकच.

१६/ बाप्तिस्म्याच्या विधीसाठी पुण्याचे मेथडिस्ट मिशनरी ब्रुएरे यांच्यासारखे दीक्षित पाळक बाहेरून येत. विधी त्यांचा, पण घर रमाबाईंचे. नेहमीच्या रचनेत पाळक प्रमुख आणि प्रापंचिक मदतनीस असतात. केडगावात हा क्रम उलटा झाला. मुक्ती कोणत्याही एका पंथाशी बांधली गेली नाही. १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक जागरण झाले, तेव्हा मुलींचे जथे प्रार्थना आणि प्रवचनासाठी आसपासच्या गावांत जाऊ लागले. रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केले, ते मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवून छापले. ग्रंथ समजावून सांगण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे असतो, या गृहीताला त्यापेक्षा ठोस उत्तर कोणते?

१७/ केडगावला हे का जमले आणि शिरूरला का जमले नाही? शिरूरच्या सभासदांकडे मतदानाचा नियम होता, पण साधने नव्हती. रमाबाईंकडे मतदानाचा नियम नव्हता; मात्र जमीन, छापखाना आणि देशोदेशीच्या देणगीदारांचा थेट विश्वास त्यांच्याकडे होता. मधे बिशप नव्हता आणि मिशनची बैठकही नव्हती. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्तीचा कारभार एका व्यक्तीभोवती फिरत होता. रहिवासी स्त्रियांनी मत देऊन चालक निवडावा, अशी ती रचना नव्हती. वारसा ज्यांच्याकडे जायचा त्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. एका कर्तृत्वावर उभ्या असलेल्या संस्थेला उत्तराधिकाराचा प्रश्न किती जड जातो, हे त्या नऊ महिन्यांत दिसले.

१८/ मिशनच्या तिजोरीतून बाहेर पडण्याची हीच ओढ नगरलाही दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. रमाबाई प्रापंचिक, टिळक दीक्षित पाळक. दोघांच्या श्रद्धेचा सूरही निराळा. पण परक्याच्या पगारावर मराठी चर्च स्वतःच्या पायावर उभे राहणार नाही, या निष्कर्षाला दोघेही आपापल्या वाटेने पोहोचले. देशातल्या स्वराज्याच्या चळवळीशी हा काळ जुळतो, हा योगायोग नव्हे.

१९/ बिशपांच्या छावणीतही वारे फिरले होते. १९१२ मध्ये दोर्नाकलला वेदनायकम अझरिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले. खुद्द इंग्लंडमध्ये प्रापंचिकांना राष्ट्रीय पातळीवरच्या चर्चसभेत कायद्याने स्थान मिळाले ते १९१९ च्या कायद्याने. मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर १९०८ ते १९२९ या काळात पदावर होते. सरकारी चर्चचे बंधन तुटावे आणि बिशपांनी पाळक व प्रापंचिकांच्या परिषदेसह कारभार करावा, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते. १९२७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने इंडियन चर्च कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून स्वतंत्र झाले. धर्मप्रांताच्या परिषदेत बिशप, पाळक आणि निवडलेले प्रापंचिक असे तिघेही बसू लागले. अमेरिकेने १७८९ मध्ये गिरवलेला धडा येथे १४१ वर्षांनी आला.

२०/ काँग्रिगेशनल मंडळ्या उलट दिशेने चालल्या होत्या. एकेकटी मंडळी दुबळी पडते, पाळकाचा पगार एका गावाला झेपत नाही आणि मिशनशी बरोबरीने बोलायचे तर मोठी संघटना लागते, हे त्यांना उमगले. पश्चिम हिंदुस्थानातील या मंडळ्या प्रेसबिटेरियनांशी जोडल्या गेल्या आणि १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया उभे राहिले. म्हणजे बिशपवाले सभेकडे सरकत होते आणि सभावाले मध्यवर्ती रचनेकडे. १९२९ मध्ये लखनौला या दोन प्रवाहांमध्ये आणि इतर चर्चमध्ये ऐक्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्या तब्बल ४१ वर्षे चालल्या. सर्वांत कठीण मुद्दा कोणता? बिशप असावा की नसावा, आणि असल्यास त्याला बांधायचे कसे.

२१/ २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च मात्र अखेरच्या क्षणी बाहेर राहिले. नव्या चर्चने बिशपपद स्वीकारले, पण ते ऐतिहासिक असण्याबरोबर घटनात्मकही असेल, असे ठरवले. बिशप, प्रेसबिटर आणि मंडळी या तिघांच्या परंपरांना घटनेत जागा दिली गेली. स्थानिक पास्टोरेटच्या समितीवर पाळक अध्यक्ष आणि सभासदांनी निवडलेले प्रापंचिक. धर्मप्रांताच्या परिषदेत बिशप, पाळक आणि पास्टोरेटांचे प्रापंचिक प्रतिनिधी. सर्वांच्या वर सिनॉड, त्यातही तिन्ही घटक. लंडनहून बिशप येण्याचे दिवस संपले होते आणि एकट्या मंडळीने सर्व ठरवण्याचेही. आज मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा धर्मप्रांतांचा कारभार याच चौकटीत चालतो.

२२/ मतांचा प्रश्न असा सुटला; तिजोरीचा मात्र न्यायालयात गेला. जुन्या चर्चच्या जमिनी, शाळा, दवाखाने वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर होते आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० त्यांना लागू होता. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात एक गट म्हणाला, विलीनीकरणाचा ठराव झाला, म्हणजे मालमत्ता नव्या चर्चची. दुसरा म्हणाला, ठरावाने विश्वस्त संस्था संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दुसऱ्या बाजूचे म्हणणे मान्य केले. कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ताही हलत नाही. हाच कायदा महाराष्ट्रातही लागू आहे. श्रद्धेचे ऐक्य सभागृहात ठरावाने होऊ शकते. सातबाऱ्यावरचे नाव त्याने बदलत नाही.

२३/ पाळक विरुद्ध प्रापंचिक, किंवा परके विरुद्ध देशी, अशी सरळ रेघ या इतिहासात ओढता येत नाही. पामर हे इंग्रज बिशप असून प्रापंचिकांच्या बाजूने उभे राहिले. अँडरसन बोस्टनहून आले ते देशी पाळकांची मागणी घेऊन. हरिपंत आणि रामकृष्णपंत दीक्षित होते, पण पगाराच्या बाबतीत मिशनवर अवलंबून. रमाबाईंना दीक्षा नव्हती, तरी त्यांच्या परवानगीवाचून केडगावात पान हलत नसे. पद कोणते, यापेक्षा निर्णय अमलात आणण्याची साधने कोणाच्या हाती, हा प्रश्न प्रत्येक वळणावर अधिक निर्णायक ठरला. ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी, शिक्षणसंस्था यांच्या इतिहासालाही तो तितकाच लागू पडतो.

२४/ शेवटी, स्थानिक इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक सूचना. जुन्या संस्थेच्या दप्तरात सहसा दोन वह्या असतात : एक सभेच्या इतिवृत्ताची आणि दुसरी जमाखर्चाची. अभ्यासक पहिली हौसेने उघडतात, दुसरी कंटाळवाणी म्हणून मिटून ठेवतात. शिरूर-केडगावचा इतिहास सांगतो की या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एका वहीत ठराव कोणी मांडला आणि कोणी अनुमोदन दिले ते कळते. त्या महिन्यात मास्तरचा पगार कुठून आला, ते दुसरीत कळते.